दमट काडतुसांची तक्रार

रविवार, ३ मार्च
बंदूक स्वतः उघडून साफ केली. मेकॅनिककडे नेणं म्हणजे परावलंबन. व्हिडिओत अकरा मिनिटांचं काम होतं, मला दोन तास चाळीस मिनिटं लागली. कारण मी वरवरचं काम करत नाही. तेल सढळ हाताने सोडलं. सगळं जोडल्यावर एक काळी रबरी रिंग उरली. बायकोने विचारलं, ही कुठली? म्हटलं, स्पेअर, कंपनीवाले जास्तीची देतात. ती म्हणाली, बंदुकीच्या आतून? तिला यंत्रातलं कळत नाही. (मिक्सर तीच दुरुस्त करते, पण मिक्सर वेगळा.)

शनिवार, ९ मार्च
नेमबाजी क्लबवर प्रॅक्टिस, हवेत उडवलेल्या मातीच्या तबकड्या फोडायची. २४ तारखेला जोड्यांची मॅच आहे. माझे जोडीदार आमचे व्याही, म्हणजे मुलीचे सासरे. नातं नाजूक आहे, हरून चालणार नाही.
माझी बंदूक सेमी-ऑटोमॅटिक. एक बार उडाला की रिकामं काडतूस ती आपणच बाहेर फेकते आणि पुढचं आत घेते. आज फेकेना. हवेत तबकडी, खांद्याला बंदूक, आणि रिकामं काडतूस बंदुकीच्या खिडकीत अर्धं बाहेर येऊन माझ्याकडे बघतंय. पंचवीस तबकड्यांत नऊ वेळा. व्याही म्हणाले, "आत काही राहून गेलंय का हो?" त्यांची दुनळी त्यांच्या वडिलांच्या वेळची, रिकामं काडतूस हातानेच काढायचं. तिच्यात अडकायला आहेच काय?
कारण सापडलं. काडतुसं दमट आहेत. हातात घेऊन बघितलं, ओलसर लागलं. (तळवा घामेजला होता, पण इतका नाही.)

सोमवार, ११ मार्च
क्लबच्या सेक्रेटरींना लेखी तक्रार दिली. दोन पानं. ‘स्टोअरमधील साठवणुकीतील अक्षम्य हलगर्जीपणा’ हे वाक्य चांगलं जमलंय. स्टोअर सांभाळतात ते मामा. बावीस वर्षं तिथे आहेत. माणूस चांगला, माझ्या जाकिटाचा पट्टा मागून तेच आवळून देतात. त्यांच्याविरुद्ध माझं काही नाही. तक्रार काडतुसांविरुद्ध आहे.

गुरुवार, १४ मार्च
सेक्रेटरींचा फोन. तक्रारीची तातडीने दखल. चौकशी होईपर्यंत मामांना घरी बसायला सांगितलंय. मी फक्त ‘योग्य ती कारवाई’ लिहिलं होतं. योग्य काय ते कमिटीने ठरवलं.
जेवण कमी गेलं. हवा बदलतेय.

शनिवार, १६ मार्च
बाहेरच्या दुकानातून सीलबंद काडतुसं आणली. अकरा वेळा अडकली. म्हणजे दमटपणा सगळीकडेच आहे. किंवा माझा खांदा सैल पडतोय. घरी आरशासमोर घट्ट धरण्याचा सराव करायचा, रोज वीस मिनिटं.
व्याह्यांनी मामांच्या स्टोअरमधली तीच काडतुसं दुनळीतून उडवली. पंचविसात तेवीस फोडल्या. काही बोलले नाहीत. व्याही बोलले तर उत्तर देता येतं.

सोमवार, १८ मार्च
शेवटी क्लबच्या मेकॅनिककडे. (सराव दोन मिनिटं झाला होता. खांदा दुखतो.) त्याने एका मिनिटात बंदूक उघडली आणि विचारलं, "पिस्टनवरची रबरी रिंग कुठाय?" बार उडाला की गॅसचा जोर पिस्टन मागे ढकलतो. रिंग नसली की गॅस निसटतो, जोर कमी पडतो, रिकामं काडतूस अर्ध्यात अडकतं. वर तेलाचा चिखल. म्हटलं, कंपनीनेच बसवली नसेल. तो म्हणाला, मग तीन वर्षं कशी चालली? म्हटलं, घरी शोधतो. "म्हणजे घरी आहे," म्हणाला.
मग त्याने सहज विचारलं, मामांना याच बंदुकीपायी घरी बसवलं का? म्हटलं, मला घाई आहे.

मंगळवार, १९ मार्च
रिंग बसवून मैदानावर गेलो. स्टोअरमधलीच काडतुसं. पन्नास बार, बंदूक एकदाही अडकली नाही. बंदूक चालतेय याचं इतकं वाईट कधी वाटलं नव्हतं.
उद्या सेक्रेटरींना लेखी कळवायचं. नक्की.

बुधवार, २० मार्च
मसुदा तयार. ‘काही तांत्रिक बाबींमुळे सदर तक्रारीचा फेरविचार व्हावा.’ बायकोने वाचला. म्हणाली, "यात नुसत्या बाबी आहेत. तुम्ही कुठे आहात?" फाडला. कागदापेक्षा मामांना समोरासमोर सांगणं जास्त मोठेपणाचं. आधी तेच करायचं.

गुरुवार, २१ मार्च
मामांच्या घरी गेलो. दुसरा मजला, दोन खोल्या. मामा खिडकीपाशी स्टुलावर बसून शर्टाला बटण लावत होते. उठले, खुर्ची पुसून दिली. मामींनी चहा टाकला.
वाक्य पाठ होतं: ‘मामा, चूक माझी आहे.’ चारच शब्द. पण मामाच बोलायला लागले. म्हणाले, पहिले चार दिवस मी खिशात राहिलेलं काडतूस गालाला लावून बघायचो, साहेब. म्हटलं, हाताला ओलं-कोरडं कळेनासं झालं की काय. बावीस वर्षांनी.
 चहा घाईने प्यायलो. त्यांनी विचारलं, काही बोलायचं होतं का? म्हटलं, नाही, सहज. थोड्या वेळाने परत विचारलं. मी मामींना म्हटलं, चहा छान झालाय. त्यांनी दुसरा दिला.
निघालो. जिन्यात उभं राहून सगळं स्पष्ट, न अडखळता बोललो. जिन्यात कोणी नव्हतं.

शनिवार, २३ मार्च
मॅच झाल्यावर सांगायचं ठरवलं. आधी सांगितलं तर व्याह्यांचं लक्ष विचलित होईल. हा स्वार्थ नाही, टीमचा विचार आहे.

रविवार, २४ मार्च
सकाळी स्टोअरच्या खिडकीत मामा. परत आले होते. मला दोन पेट्या दिल्या आणि म्हणाले, "बघून घ्या साहेब." मी न बघताच घेतल्या.
बंदूक एकदाही अडकली नाही. व्याह्यांनी बावीस फोडल्या, मी आठ. कारण लिहायला बसलो होतो, सुचलं नाही.
दुपारी सेक्रेटरींकडे गेलो आणि सांगितलं. साफ करताना रिंग मी काढली, मी ठेवून दिली, तक्रार मी केली. प्रत्येक वाक्यात ‘मी’ घातला. 
सेक्रेटरी म्हणाले, "कळलंय आम्हाला. मेकॅनिकने सोमवारीच मामांना सांगितलं आणि मलाही फोन केला. मी मामांना म्हटलं, उद्याच या. ते म्हणाले, रविवारी येतो. साहेब स्वतः येऊन सांगतील, तोवर घरीच थांबतो." मग विचारलं, "आला होतात ना त्यांच्याकडे?"
म्हटलं, हो. चहाला.
बाहेर आलो. स्टोअरच्या खिडकीपुढे रांग होती. उभा राहिलो. माझ्यापुढे पाच जण होते, ते हळूहळू संपले. म्हटलं, मामा, चूक माझी होती.
मामांनी चष्म्यावरून बघितलं. "माहितीये, साहेब. मागे लोक थांबलेत. किती देऊ?"
मॅच संपली होती, काडतुसं नको होती. एक पेटी घेतली.