बाईंच्या पेनाबद्दल आणि माझ्या मिळकतीबद्दल

त्या शनिवारी सकाळी मी शटर वर केले, इस्त्री तापत ठेवली, वाळलेल्या चादरींच्या घड्या घातल्या आणि नातीचे सामान आवरायला घेतले. तिच्या आईबापांचा घटस्फोट झाल्यापासून ती एक आठवडा आईकडे असते, एक बापाकडे. दोघांना एकमेकांचे तोंड बघायचे नसते, म्हणून तिची ने-आण माझ्या लॉन्ड्रीतून होते. शनिवारी सकाळी एकजण सोडतो, दुपारी दुसरा नेतो. मोज्याचा जोड शोधताना दप्तराच्या तळाशी चांदीच्या टोपणाचे पेन हाताला लागले. मी ते लगेच ओळखले. गाणे शिकवणाऱ्या बाईंच्या कोटातून मीच ते काढून ठेवले होते.

म्हणून मी, या लॉन्ड्रीची मालकीण, नवऱ्यामागे हा धंदा एकटीने चालवणारी बाई, हे मृत्युपत्र कोणाच्याही दडपणाशिवाय, राजीखुशीने लिहून ठेवते. माझी बुद्धी शाबूत आहे. हे वाक्य सगळेच लिहितात. मला मात्र त्यासाठी डॉक्टरांचा दाखला आणावा लागला. तो सोबत जोडला आहे, आणि कारण दुसऱ्या कलमात आहे.

कलम १. दुकान आणि यंत्रे माझ्या कारागिराला द्यावीत. अट एकच. कपडा पाण्यात घालण्याआधी खिसे रिकामे करायचे आणि जे निघेल त्याची पुरचुंडी बांधून त्याच कपड्याच्या कॉलरला टाचायची. ही पद्धत माझ्या नवऱ्याची. वस्तू कितीही फालतू असो, टाकायची नाही. एकदा आम्ही एका वकिलांना शेंगांची टरफलेसुद्धा परत केली. "वहिनी, हा पुरावा तुम्ही बुडवायला हवा होता," ते म्हणाले. त्यांना डॉक्टरांनी शेंगा बंद केल्या होत्या.

दुकानासमोरचा बाक माझ्या दिरांना. नवरा गेला त्याच आठवड्यात "बाईमाणसाला जमायचं नाही, विकून टाका" असे त्यांनी सांगितले आणि तेव्हापासून त्याच बाकावर बसून ते माझे वर्तमानपत्र फुकट वाचतात. बाक त्यांनी घरी न्यावा. वर्तमानपत्र विकत घ्यावे.

कलम २. दुकानावरच्या दोन खोल्या.

ते पेन नातीकडे तिच्या आईबापांनी, दोघांनीही, आधीच पाहिले होते. मुलाला वाटले, तिच्या आईने लाडाने घेऊन दिले. त्याने ईर्ष्येने घड्याळ आणले. माझ्या पूर्वीच्या सुनेला वाटले, बापाने दिले. तिने नवे बूट आणले. पोरीला कोणी विचारले नाही, एकमेकांना तर नाहीच. चोरीबद्दल तिला दोन बक्षिसे मिळाली.

मी दोघांना बोलावून सांगितले, "दोघं मिळून जा, पोरीला घेऊन जा आणि पेन परत करा." ते गेले. तिघांना एका रिक्षात बसताना पाहून मला बरे वाटले, हेही लिहून ठेवते.

त्यानंतर बाईंचे कपडे येईनासे झाले. मी विचारायला गेले.

"वहिनी, राग मानू नका," बाई म्हणाल्या. "वय झालं की होतं असं. तुमचा मुलगा म्हणाला, आई हल्ली वस्तू कुठेही ठेवते आणि विसरते. पेन पोरीच्या दप्तरात आईनंच टाकलं. सूनही हो म्हणाली."

पुढच्या शनिवारी मी नातीला विचारले.

"मी कुठे घेतलं, आजी? तूच टाकलंस ना माझ्या दप्तरात!" तिची नजर ढळली नाही. पेन तिने एकटीने उचलले होते. हे बोलणे तिला दोघांनी मिळून शिकवले.

मुलाला जाब विचारला, तर म्हणाला, "पोरीच्या नावाला डाग नको, आई. तुझं काय, तुला सगळे ओळखतात."

सुनेने वेगळा फोन केला. "आई, कल्पना त्याची होती."

"आणि हो कोण म्हणालं?" मी विचारले. तिने फोन ठेवला.

लोक मला ओळखतात ते त्यांची वस्तू त्यांना परत मिळते म्हणून. तेवढेच माझ्याकडे होते.

तरी या खोल्या त्या दोघांच्याच नावे, एकत्र, वाटणी न करता. मात्र आधी दोघांनी बाईंकडे जाऊन माझ्याबद्दलचे ते बोलणे मागे घ्यावे. एकाने जाऊन चालणार नाही. तोवर किल्ली समोरच्या चष्मेवाल्यांकडे राहील. माझ्यामागे वर्षभरात गेले नाहीत, तर खोल्या गल्लीतल्या वाचनालयाला द्याव्यात.

कलम ३. माझी पुस्तके. शाळा माझी लवकर सुटली. पुढचे वाचन कपडे गुंडाळायच्या रद्दीवर केले. रद्दीतल्या गोष्टी अर्ध्यावर फाटलेल्या असत; शेवट कळावा म्हणून पुस्तके घेऊ लागले. ती सगळी नातीला, बिनशर्त. माझा तिच्यावर राग नाही, असे लिहिणार होते. राग आहे. पुस्तकेही तिचीच आहेत.

कारागिराला वाटा मिळतो, म्हणून त्याची साक्ष घेतलेली नाही.

ठिकाण: लॉन्ड्रीवरची पुढची खोली
तारीख: डॉक्टरांच्या दाखल्यावरची, शुक्रवार
लिहून ठेवणारी: लॉन्ड्रीची मालकीण (सही)
साक्षीदार: दाखला देणारे डॉक्टर (सही), समोरचे चष्मेवाले (सही)

पुरवणी, त्याच साक्षीदारांसमोर. वरची सही झाल्यावर मी दोघांना फोन करून सकाळी बाईंकडे यायला सांगितले. मुलगा म्हणाला, "हा आठवडा तिचा आहे." सून म्हणाली, "शनिवारपासून त्याचा आठवडा." दुसऱ्या दिवशी मी दुकान कारागिरावर सोपवले आणि नातीला घेऊन बाईंच्या घरी गेले. बाईंनी दार उघडल्यावर मी नातीला पुढे केले. खरे काय ते तिचे तिला सांगू दिले.