कोऱ्या कागदावरची सही

अहो,

तुम्ही गेल्यापासून तुम्हाला एक ओळ लिहिली नव्हती. आज लिहितेय, कारण उद्या अकराला मंत्र्यांसमोर बैठक आहे आणि माझ्या जिवाला थारा नाही. शहागंजातले हातगाडे गावाबाहेर न्यायचं सरकारनं जवळपास ठरवलंय. आपला टोप्यांचा गाडाही गेलाच म्हणून समजा.

काल शेजारचे बांगड्यावाले रऊफभाई आले होते. सरकारी फाइलीतल्या एका कागदाचा फोटो त्यांनी मोबाइलवर दाखवला. आपल्या हातगाडेवाल्यांच्या संघटनेचं लेटरहेड, त्यावर स्थलांतराला आमची हरकत नाही असा मजकूर, अन् खाली अध्यक्ष म्हणून तुमची सही! "भाभी, दस्तखत तो उनकेच हैं," एवढंच बोलले आणि चहा न घेता गेले.

बाजारात तर लोक माझ्याकडं बघतसुद्धा नाहीत. आपले गाडे हटवायला निघालेल्या पक्क्या दुकानवाल्यांशी तुम्ही सेटिंग केली म्हणतात. तुम्ही!

किती वेळा सांगितलं होतं हो, कोऱ्या कागदांवर सह्या करून ठेवू नका म्हणून? सिल्लोडला बहिणीकडं दोन दिवस जायचं असलं तरी पॅडवर सह्या ठोकून जायचात. मंत्री अचानक आला तर निवेदन अडायला नको, हे तुमचं ठरलेलं उत्तर. लई विश्वास तुमचा माणसांवर.

पण तुम्हाला कुठल्या तोंडानं बोलू? तेराव्याला आपले उपाध्यक्ष आले, निवेदन द्यायचंय म्हणाले, पॅड मागितलं. मीच कपाटातून काढून दिलं, वर पिशवीत घालून दिलं. सह्या केलेले कागद आत आहेत हे मला माहीत होतं. आता नव्या गाळ्यात त्यांचं स्वतःचं दुकान झालंय, अन् दुकानवाल्यांच्या शिष्टमंडळात ते पुढं बसतात.

त्या कागदावर तारीख मागची टाकलीय, ती मी नीट बघितली. त्या आठवड्यात तुम्ही दवाखान्यात बेशुद्ध होता. तिथले कागद माझ्याजवळ आहेत. पण ते दाखवले की सगळे विचारणार, मग सही आली कुठून? कोऱ्या कागदावर सह्या करणारा अध्यक्ष म्हणून तुम्हाला हसतील. चालेल ना? विकला गेला म्हणण्यापेक्षा बरं ना?

उद्या मी उठून बोलणार. दवाखान्याचे कागद समोर ठेवीन. सांगेन, सही त्यांचीच आहे, मजकूर त्यांचा नाही, आणि ते कागद मी माझ्या हातानं दिले. हे शेवटचं मी गाळणार नाही, शब्द देते.

वरचं सगळं दोनदा वाचलंय. आता सही करते.

शकुंतला