तीन नंबरची सीट

३ नोव्हेंबर, सोमवार

गाडी आली! आली म्हणजे काय, आवाजच नाही. भांडी पुसता पुसता वर बघते तर दारात उभी. काळीभोर, लांबलचक, आमच्या स्वयंपाकघराएवढी! परदेशी बनावटीची. शेजारचे बघायला आले. एकानं विचारलं, "सेकंडहँड का?" मुलगा म्हणाला, "प्री-ओन्ड." मी म्हटलं, म्हणजे कोणाच्या तरी अंगावरचं उतरवलेलंच ना! सगळे हसले. मुलगा नाही हसला.

ही वही नातीनं दिली. म्हणाली, "आजी, दिवसभर बोलतेस ते ह्यात लिही, आमच्या कानांना सुट्टी." माझी शाळा दुसरीपर्यंत. जोडाक्षरं चुकतील. पण पाढे विचारा! पंधरापर्यंत झोपेतून उठवून विचारा. आमच्या बाई प्रत्येक पाढ्याच्या शेवटी टेबलावर हात आपटून म्हणायच्या, चुकलं तर छडी! ते पाढ्याला असं चिकटलंय की अजून शेवटी आपोआप तोंडात येतं.

गाडीचं राहिलंच. पुढे, चालवणाऱ्याच्या शेजारच्या दारावर तीन बटणं आहेत. सीट माणसं लक्षात ठेवते म्हणे. एक दाबलं, पार मागे गेली. दोन दाबलं, आडवीच झाली. तीन दाबलं आणि सरसर पुढे, वर, पाठ ताठ. बसले — पाय टेकले! कुठल्याच गाडीत माझे पाय टेकत नाहीत. ह्यांच्या स्कूटरवर तर जन्मभर लोंबतच गेले. म्हणजे माझ्याआधी माझ्याएवढीच कोणी बसायची तर!

४ नोव्हेंबर

चार वाजता गाडीनं आपोआप कान उघडले. (आरसे. मी कान म्हणते.) आत कोणी नाही. मला बघून असेल.

६ नोव्हेंबर, गुरुवार

रोज चारलाच! मी चहा घेऊन पायरीवर बसते. गाडी कान मिटून झोपलेली. चार वाजले की टिक, कान उघडतात, दिवे हळूच लागतात, दाराखाली फरशीवर उजेड पडतो — पाहुण्याला पायघड्या घालाव्यात तसा. पण पाहुणा नाही! थोड्या वेळानं सगळं पुन्हा मिटतं.

सुनेला सांगितलं. "आई, तुम्ही किल्ली पदरात घेऊन बसत असाल." आत जाऊन बघितलं. किल्ली स्वयंपाकघरात खिळ्याला. "मग तुम्हाला डुलकी लागली असेल." डुलकी! चहाचा कप भरलेला हातात होता माझ्या.

आणि तिला नाही सांगितलं ते इथे लिहिते. आज काचेतून बघितलं. मुलानं सकाळी दोन नंबरवर ठेवलेली सीट पुढे सरकत होती. तीनवर.

९ नोव्हेंबर, रविवार

बॅटरी उतरली म्हणून मेकॅनिक आला. जाड भिंगाचा चष्मा, बॉनेटमध्ये डोकं घातलं की माणूस अर्धाच उरतो. मी कानांचं सांगितलं. मुलगा मला डोळ्यांनी दटावत होता.

मेकॅनिक म्हणाला, "आजी बरोबर सांगतायत. किल्ली दोन हातांवर आली की गाडी अशी जागी होते."

"किल्ली घरात आहे," मुलगा म्हणाला.

"दुसरी?"

"एकच मिळाली. दुसरी हरवली म्हणाले."

"मग हरवलेली इथेच कुठेतरी फिरतेय."

पायाखालची फरशी गार लागली मला. विचारलं, आणि सीट सरकते ती? चष्मा पुसत म्हणाला, "ती बटणाशिवाय सरकत नाही, आजी."

मुलगा घाबरलाय. कोणी तरी गाडी न्यायला टपलंय म्हणतो. मेकॅनिक दुसरी किल्ली गाडीच्या डोक्यातून खोडून टाकणार. मशीन घेऊन वीस तारखेला येतो म्हणाला.

११ नोव्हेंबर

डोळ्यांच्या डॉक्टरकडे गेलो. पुढचं ऊन सहन होईना म्हणून मी मागे बसले. निघालो आणि टिंग टिंग टिंग! पुढच्या सीटवरच्यानं पट्टा लावला नाही म्हणे. पुढच्या सीटवर कोणी नाही. "सेन्सर गेला," मुलगा म्हणाला. दोन चौक गेले तरी टिंग टिंग. मला आपली बोलायची सवय, मी म्हटलं, "अहो, लावून टाका ना तो पट्टा. ह्याचं डोकं उठेल."

थांबलं.

मुलानं आरशातून माझ्याकडे बघितलं. घरी येईपर्यंत कोणी बोललं नाही. मीसुद्धा! डॉक्टर म्हणाले डोळे ठीक आहेत. मला ठाऊकच होतं.

१२ नोव्हेंबर, बुधवार

राहवेना. नातीकडून गाडीच्या आधीच्या मालकाला फोन लावून घेतला. तीन नंबरवर कोण बसायचं ते विचारलं.

"आई," म्हणाला. "विसरायला लागली होती, मावशी. आधी वस्तू, मग आम्हाला. पण गाडीत बसायला मिळालं की खूष. दुसरी किल्ली स्वेटरच्या खिशात घेऊनच फिरायची. म्हणायची, किल्ली माझ्याकडे, आता मला सोडून कसा जाशील!"

चौदा महिन्यांमागे दुपारी चार वाजता दारातून बाहेर पडली. राखाडी स्वेटर, खिशात किल्ली. सापडली नाही. दवाखाने झाले, पोलीस झाले. पुढची रिकामी सीट बघवेना म्हणून गाडी विकून टाकली.

मी त्याला म्हटलं, बाळा, तुझा हा नंबर लिहून ठेवते. इकडे फिरकली तर कळवते. नातीनं ह्या पानावर लिहिला आहे. पण कागदाचा काय भरवसा! पाठच करणार.

१३ नोव्हेंबर, गुरुवार

चारला कान उघडले. आमची किल्ली खिळ्याला होती. मी मागचं दार ओढून बघितलं — उघडलं! बसले. पुढची सीट सरकत सरकत तीनवर येऊन थांबली. आत लोकरीचा वास. ओल्या लोकरीचा. बाहेर कडक ऊन.

भीती वाटली का? वाटली. पण पाहुणी घरात आल्यावर गप्प बसायचं मला जमत नाही. म्हटलं, "बसा. मी ह्याची आई. तुम्ही त्याची." मग गुडघ्याचं सांगितलं, सुनेचं थोडं सांगितलं, ह्यांच्या स्कूटरचं सांगितलं. मग म्हटलं, तुमच्या मुलाचा नंबर पाठ करतेय, तुम्हीही म्हणा. आणि लावली चाल. नऊ आठ, दोन दोन, सात... पाढ्याच्या चालीत कसा छान बसतो! शेवटी सवयीनं आलंच — चुकलं तर छडी!

वीस वेळा म्हटला.

१४ नोव्हेंबर

नंबर पाठ. तरी म्हटला. तिला झाला नसेल.

१६ नोव्हेंबर, रविवार

पकडले गेले. मुलगा आज घरीच. काचेवर टकटक केली. "आई, एकटी कोणाशी बोलतेस?" त्याचं तोंड उतरलं होतं. मला कळलं त्याच्या मनात काय आलं ते. त्या बाईचं ऐकल्यापासून तो माझी प्रत्येक विसरलेली वस्तू मोजतो. परवा चष्मा शोधला तर सुनेकडे कसा बघितला!

मी म्हटलं, मला सतराचा पाढा सोडून सगळं आठवतं. आणि सतराचा कधी येतच नव्हता.

तो म्हणाला, "गुरुवारी ती किल्ली खोडली की सगळं बंद होईल."

मी इतकं ओरडले की नात बाहेर आली. "तिला घर आठवत नाही, मुलगा आठवत नाही. एकट्या ह्या गाडीला ती आठवते. तेवढंही पुसायचं? मग ती यायची कुठे?"

तो आत निघून गेला.

१९ नोव्हेंबर, बुधवार

उद्या मेकॅनिक. आज पन्नास वेळा म्हटला. घसा बसला. सीट समोर ताठ, आणि गादीला मधोमध खळगा, कोणी बसल्यावर पडतो तसा. शेवटच्या वेळी "चुकलं तर —" म्हणून खोकला आला आणि थांबले.

टिंग.

एकदाच.

२० नोव्हेंबर, गुरुवार

मुलानं मेकॅनिकला फाटकातूनच परत पाठवलं! चहा आणून दिला आणि पायरीवर शेजारी बसला. मोठा झाल्यापासून कधी बसला नव्हता. दोघं मिळून चारची वाट बघितली.

चार वाजले. सव्वाचार. पाच.

गाडी उघडलीच नाही. दोन नंबरची सीट दोनवरच.

मुलगा म्हणाला, "आई, कदाचित त्या..." मी म्हटलं, बोलू नकोस. आज पाढा म्हटला नाही. कोणाला म्हणायचा?

२१ नोव्हेंबर

सकाळी तिच्या मुलाचा फोन. रडतच. सापडली! जिवंत! रेल्वेनं दोन दिवसांवरच्या शहरात, निराधारांच्या एका आश्रमात. तेरा महिन्यांपासून तिथेच आहे. उंबऱ्याबाहेर पाऊल नाही, तोंडातून शब्द नाही. राखाडी स्वेटर, किल्ली मुठीत. पण गेल्या आठवड्यातल्या गुरुवारपासून दुपारी चार वाजले की खुर्चीत ताठ बसायची आणि आकडे म्हणायची, चालीत. काल चार वाजता तिथल्या बाईनं ते सहज फोनवर फिरवून बघितले.

"पण मावशी, हा नंबर मी आई गेल्यावर घेतला. तिला कधी कळलाच नाही. आणि शेवटी दर वेळी छडी-छडी काहीतरी म्हणते. आमच्या घरात असं कोणी म्हणत नाही. तुम्हाला काही कळतंय का?"