नव्या क्लचची गाडी

४ मार्च

चि. खारूताईस,
अनेक आशीर्वाद. वि. वि.

शुक्रवारी मी येत नाहीये. आधीच लिहून टाकतो, म्हणजे पत्र संपेपर्यंत तू आशेवर राहणार नाहीस.

तुझ्याकडचा डोंगर जुन्या क्लचला झेपणार नाही म्हणून नवा बसवून घेतला, आणि करायला गेलो एक नि झालं भलतंच. पहिला गिअर टाकला की खर्रकन आवाज येतो. रिव्हर्स तर पडायचं नावच घेत नाही. परवा चौकात सिग्नल सुटला तरी मी गिअरच्या दांड्याशी कुस्ती खेळत बसलेलो. मागच्यांनी हॉर्न वाजवून माझी पार शोभा केली.

गॅरेजवाला केबल ताणतो, एक चक्कर मारून येतो आणि गाडी लोण्यासारखी चालतेय म्हणून सांगतो. मी बसलो की पुन्हा खर्र. तुझी वहिनी म्हणते, गाडीसुद्धा माणूस बघून वागते.

चष्म्याचं दुकान बंद केलं तेव्हा वाटलं होतं, आता मनात आलं की तुझ्याकडे येता येईल. काचा घासताना तीच एक गोष्ट मनात घोळायची. असो. गाडी ताळ्यावर आली की निघतोच.

तुझा,
दादा

१० मार्च

ती. दादास,
सा. न. वि. वि.

पत्र वाचून आधी रागावले, मग तुझं कुस्तीचं चित्र डोळ्यांपुढे आलं आणि एकटीच हसत बसले. इथे नाटकाचं नवं काम आलंय. राजाचा अंगरखा उसवून सैल करायचाय, कारण राजेसाहेब सुटलेत. टाचण्या तोंडात धरून दिवस जातो, त्यामुळे कुणाशी बोलायचं राहूनच जातं.

वरची खोली झाडून ठेवलीय. गाडीचा आवाज आला की अजून खिडकीशी जाते. माझ्या लक्षात येतं की तुझ्या गाडीचा आवाज असा नाही, तरी जाते. शिवणकामामुळे या गावात सगळे मला मास्तरीणबाई म्हणतात. खारूताई म्हणणारा जगात तू एकटा उरलास, दादा. ती हाक पत्रात वाचून भागत नाही.

बसने ये ना! का बसवाल्यालासुद्धा गिअर कसा टाकावा ते शिकवत बसशील?

वहिनीला नमस्कार. पत्राला उशीर करू नकोस.

तुझी,
खारूताई

१५ मार्च

प्रिय वन्संना,
स. न. वि. वि.

हे पत्र ह्यांच्या नकळत लिहितेय. क्लचला काही झालेलं नाही.

काल मी ह्यांच्या शेजारी बसून बाजारात गेले. हे गिअरकडे बघत होते, मी खाली बघत होते. डावा पाय पेडलवर होता, पण पेडल निम्म्यातच थांबत होतं. ह्यांना वाटत होतं, आपण तळापर्यंत दाबलंय. जुना क्लच झिजून इतका सैल झाला होता की एवढ्यावर भागायचं. नवा भागवून घेत नाही.

मग एकेक आठवायला लागलं. ह्यांची डावी चप्पल हल्ली वाटेतच निसटते, हे तसेच पुढे जातात आणि मी मागून ती घेऊन जाते. मी वेंधळेपणा समजून हसत होते, वन्सं. आता हसू येत नाही.

डॉक्टरांचं नाव काढलं तर ताडकन म्हणाले, पायाला काय धाड भरलीय? संध्याकाळी बंद गाडीत जाऊन बसतात, स्टिअरिंगवर हात ठेवून. माझं ऐकणार नाहीत. तुमचा शब्द मात्र आजवर कधी खाली पडू दिलेला नाही.

लोभ आहेच, आता थोडा धीरही द्या.

तुमची,
वहिनी

१९ मार्च

ती. दादास,
सा. न. वि. वि.

वहिनीने मला सगळं लिहिलंय. तिच्यावर रागावायचं असेल तर माझ्यावर रागाव. इथल्या डॉक्टरांना विचारलं, त्यांनी सांगितलंय तसं कर: खुर्चीत बस, टाच जमिनीवर टेकव आणि डाव्या पायाचा पुढचा भाग उचलून बघ. उचलला गेला नाही तर गॅरेजवाल्याला सोड, डॉक्टरांकडे जा.

तू माझ्याकडे पोचावंस म्हणून मी देव पाण्यात घातलेत. पण अशा पायाने डोंगर चढायला निघालास तर मी दार उघडणार नाही.

तुझी,
खारूताई

२ एप्रिल

चि. खारूताईस,
अनेक आशीर्वाद.

पाय उचलला गेला नाही. बराच वेळ त्या पायाकडे बघत बसलो. वाटलं, हा दुसऱ्याच कुणाचा आहे.

डॉक्टर म्हणतात, पाठीत नस दबलीय. पट्टा, व्यायाम, आणि गाडी चालवणं बंद. पुन्हा कधी, ते त्यांनी सांगितलं नाही आणि मीही विचारलं नाही. तुझ्यावर दोन दिवस रागावलो होतो. मग रागाचाच कंटाळा आला.

तुझ्या वहिनीकडे लायसन्स आहे, कपाटात पडून होतं. किल्ली मी तिला दिली. दिली म्हणजे टेबलावर ठेवली आणि बाहेर जाऊन उभा राहिलो. पहिल्या दिवशी मी इतक्या सूचना केल्या की तिने गाडी बाजूला घेऊन मला उतरायला सांगितलं. आता गप्प बसतो. तिच्या पायाखाली क्लच मांजरासारखा गरीब आहे.

डोंगराच्या पायथ्याच्या पुलापर्यंत आम्ही येऊ शकतो. पुढचा डोंगर चढायला ती अजून धजत नाही. तू बसने पुलापर्यंत खाली येशील का? मी कधी कुणाला इतकी गळ घातली नव्हती.

तुझा,
दादा

१४ एप्रिल

ती. दादास आणि सौ. वहिनीस,
सा. न. वि. वि.

सुखरूप पोचले. बसमध्ये शेजारच्या बाईने डोळे का सुजलेत म्हणून विचारलं. धूळ गेली म्हणाले.

पुलाच्या कठड्याशी आपण किती बोललो आणि घरी येऊन बघते तर सांगायचं निम्मं राहिलेलंच. तुझा हात धरून चालताना मला कळत होतं की तूच माझ्यावर भार टाकतोयस. तू ते लपवलं नाहीस, याचं फार बरं वाटलं.

एक सांगू? आजवर दर खेपेला तू निघालास की मी जिन्यावरून हात हलवायचे, आणि तुझे दोन्ही हात स्टिअरिंगवर. मागे वळून बघायची तुला कधी सोयच नव्हती. मला दिसायची ती गाडीची मागची काच. परवा वहिनीने गाडी वळवली आणि खिडकीतून तुझा हात बाहेर आला. वळण येईपर्यंत हलत होता. मी बस सोडली, पुढच्या बसने आले.

डोंगर जागचा हलत नाही. वहिनी धजेल तेव्हा या. तोवर मी पुलावर येत जाईन.

माया आहेच, ती अशीच वाहती राहू दे.

तुमची,
खारूताई