सरका

प्रिय अतुल,

तात्यांच्या मंदिराच्या लोकार्पणाला मुख्य भाषण मीच करावं, असा तुझा निरोप संस्थानच्या माणसानं फोनवर दिला. पूर्वी तू स्वतः बोलायचास. असो. मंचावर मी कधी अडखळल्याचं तुला आठवतं का? मला नाही आठवत. आता मात्र एकही वाक्य जुळत नाही, आणि त्याचं वाईटही वाटत नाही.

पाचोडच्या बाजारात तुझे वडील दोर विकायचे, तेव्हा आपण दोघं त्यांच्या घोंगडीवर बसून असायचो. कुणी विचारलं, तात्या, देव कुठं असतो, की म्हणायचे, “आधी सरक जरा, त्या बाईला टेकू दे.” माणूस सरकायचा. मग तात्या हसायचे, “जेवढा सरकलास ना, तेवढा देव. आता दोर घेतो का जातो?” पुढं मी ढीगभर ग्रंथ वाचले, त्यांवर सभा गाजवल्या. ह्याच्या पुढं कुणी गेलेलं मला सापडलं नाही.

लोकार्पणाआधीच दर्शन सुरू झालंय म्हणून परवा फुलंब्री रस्त्याला जाऊन आलो. संगमरवर छान आहे. घोंगडी काचेत आहे, भोवती पितळी कठडा. तिच्यावर आता माशीसुद्धा बसत नाही. स्वयंसेवक रांगेवर ओरडत होते, “सरका! सरका पुढं!” शब्द तात्यांचाच. मला संताप यायला हवा होता. दाढेला इंजेक्शन दिल्यावर गाल होतो, तसा नुसता बधिर उभा राहिलो.

माझ्या पुढची म्हातारी काचेपाशी थांबली. घोंगडीचा उसवलेला कोपरा तिनंच कधीतरी शिवला होता, तो बघत होती. “ओ आज्जी, सरका की, मागं लोकं हायेत,” पोरगं खेकसलं. ती सरकली. आवडाकाकू होत्या, अतुल. तुझी आई. मी तोंड उघडणार, तोच त्यांनी माझा हात दाबला. नाव सांगितलं असतं तर खुर्ची मिळाली असती. त्यांनी सांगितलं नाही.

तू त्यांना पाचोडला समजत असशील. त्या माझ्याकडं मुकुंदवाडीत आहेत.

भाषण मी करणार नाही, पण तेवढं फोनवरही सांगता आलं असतं. माझ्या खोलीत एकच दिवाण आहे. काकू त्याच्या अगदी कडेला अंग चोरून बसतात, बाकी सगळी जागा मोकळी. मी म्हटलं, नीट बसा की. तर म्हणाल्या, “अतुल आला तं?”

ये. आम्ही सरकून बसलोय.

तुझाच,
सोमनाथ