मंगळवारची दुखणी

८ जानेवारी २००३, बुधवार
आज सकाळपासून दवाखान्यात सात जणांच्या मेंदूत गाठ! काल टीव्हीवरच्या मंगळवारच्या मालिकेतल्या नायकाला झाली ना — मग अख्ख्या पिंपळवंडीला नको? ठकूबाई डोकं धरून आली. "सिस्टर, समदं दोन-दोन दिसतंय वं!" चष्म्याच्या काचेला तडा गेलाय बाई, म्हटलं, तो बदल आधी.

डॉक्टर हसतात. मला चीड येते. अकरा वर्षं नर्स आहे मी. टीव्हीतल्या नर्सला इंजेक्शन धरता येत नाही, लिपस्टिक मात्र जागच्या जागी. आणि तो कोमातला माणूस — सहा महिन्यांनी उठला तो गुळगुळीत दाढी करून!

घरात सासूबाईंची तीच तऱ्हा. किडनी झाली, कोमा झाला. स्मृती गेली त्या दिवशी धारा काढायच्या तेवढ्या विसरल्या. चहाची वेळ नाही विसरल्या.

१५ जानेवारी
काल वीज नव्हती. आज गाव ठणठणीत.

२२ जानेवारी
काल हार्ट अटॅक दाखवला. हात छातीवर, डोळे पांढरे, पडला तो बरोबर सोफ्यावर. आज पाच जण छाती धरून हजर — चौघांना गॅस, एकाचं बायकोशी भांडण. त्यातला भिमाजी तर दारातच कोसळला. मागे खुर्ची आहे ना, ते आधी बघून!

२३ जानेवारी
आज सासूबाईंचा नंबर. जबडा दुखतोय, मळमळतंय, घाम. म्हटलं, "आत्या, हा रोग अजून दाखवला नाही."
"न्हाई गं, खरंच लई कसंतरी व्हतंय."
"छातीत दुखतंय?"
"छातीत काय नाय."
मग झालं तर! नाटकं सगळी. पित्ताची गोळी हातावर ठेवली आणि कामाला निघून आले.

२४ जानेवारी
हार्ट अटॅकच होता. काल दुपारी ह्यांनी जीप करून पुण्याला नेलं. तिथले डॉक्टर म्हणाले, "बायकांना पुष्कळदा असाच येतो. तुम्हाला माहीत असेलच, सिस्टर."

माहीत होतं. शिकले होते मी! पण त्यांचा हात छातीवर गेला नाही, म्हणून मी सोडून दिलं. गावाला हसत होते, आणि स्वतः मालिकेतलाच अटॅक शोधत होते. लाज वाटते.

३० जानेवारी
आत्या वाचल्या. हृदय मात्र बरंच निकामी झालंय. भेटायला येईल त्याला सांगतात, "सून नर्स हाय म्हनून जगले. लगीच गोळी दिली तिनं."

आज पाचव्यांदा ऐकलं. अजून कुणालाच खरं सांगितलेलं नाही.