काझुमा दुसरी वाटी का घ्यायचा नाही

चि. चिनात्सु हिला,

काझुमाला जाऊन वर्षही झालं नाही. घरात सुतक, म्हणून यंदा दाराला सजावट नाही की कुणाला शुभेच्छापत्रं नाहीत. तरी आज, वर्षाच्या पहिल्या सकाळी, ओझोनीचं सार मी केलंच.

काझुमाशी लग्न झाल्यावर पहिल्या वर्षी तू ते तुझ्या माहेरच्या, कागावाच्या पद्धतीनं केलं होतंस. पांढऱ्या मिसोत, म्हणजे आंबवलेल्या सोयाबीनच्या सारात, लाल चवळीचं गोड पुरण भरलेले तांदळाचे गोळे. "हे सार आहे की लहान मुलांचा खाऊ?" असं मी सगळ्या नातेवाइकांदेखत म्हणाले. तू हसलीस, आणि पुन्हा कधी आमच्याकडे ते केलं नाहीस.

आज तुझ्या सासऱ्यांनी वाटी खाली ठेवली. म्हणाले, "काझुमा इथे दुसरी वाटी घ्यायचा नाही. घरी जाऊन तिच्या हातचं खायचं असायचं ना."

"तुम्हाला कसं ठाऊक?"

"मीही त्यांच्याकडे दोनदा खाल्लंय."

"मग मला बोलला नाहीत ते?"

"तुला कोण सांगणार, बाई!"

मी आधी चिडले, मग रडले. दुपारी पुरण शिजवून तसं सार करायला घेतलं. गोळे फुटले, सार काळपट झालं. तरी आम्ही दोघांनी पातेलं संपवलं.

हे पत्र टाकायचा धीर मला व्हायचा नाही. उद्या फोन करीन आणि गोळे फुटू नयेत म्हणून काय करतेस, एवढं विचारीन. सांगून झालं की लगेच फोन ठेवू नकोस. पुढचं बोलायला मला जरा वेळ लागेल.

तुझी सासू,
फुमिए